जोडतारांतला गोडवा

१ जानेवारी, बुधवार

नवी वही उघडली. जुनीत अजून चाळीस पानं कोरी आहेत, पण तिच्यात ताराच्या काडीमोडाचं फार लिहून झालंय. ती वही आता हातात घ्यावीशी वाटत नाही.

तारा माझी लेक, त्रेचाळीस वर्षांची. दिवाळीच्या तोंडावर नांदेडचं घर, नवरा आणि क्लासमधली नोकरी सोडून इथं आखाडा बाळापूरला आली. सोबत दोन बॅगा आणि एक इलेक्ट्रिक गिटार. आता कामरानच्या ऑर्केस्ट्रात वाजवते. लग्नं, वाढदिवस, पुढाऱ्यांचे सत्कार. मला वाटायचं ही शाळेत कविता शिकवील. चौथीत असताना काय चालीत म्हणायची! जाऊ द्या.

गिटारीसोबत सहा डब्या आहेत, पायानं दाबायच्या. त्यांना पेडल म्हणतात. एक आवाज फाडते, एक घुमवते, एक लांबवते, बाकीच्या काय करतात ते त्यांनाच ठाऊक. एकीतून दुसरीत आवाज न्यायला पाच आखूड तारा लागतात. बाजारच्या तारा खरखरायला लागल्या, तेव्हा मी म्हटलं, मी करतो. चाळीस वर्षं बसस्टँडसमोर रेडिओ दुरुस्त केले, पाच तारा म्हणजे काय?

काल केल्या. सोल्डरचे डाग असे बसलेत की मोत्याचे दाणे. आणि सवयीप्रमाणे प्रत्येक तारेच्या पिनेत आपला एकेक गोडवा टाकला. गोडवा म्हणजे तांदळाएवढा कपॅसिटर. आवाजाचं वरचं टोक, जे कानाला टोचतं, ते तो खाऊन टाकतो. दुकानातून एकही सेट त्याशिवाय गेला नाही. गिऱ्हाइकाला सांगायचो नाही. ते आपसूक म्हणायचं, व्यंकटरावच्या हाताला गोडी आहे. तारालाही सांगितलं नाही. चांगली गोष्ट गाजावाजा करून करायची नसते.

डाग देता देता दोन ओळी सुचल्या:

सूर असावा सायीवाणी, ओठांवरती विरणारा,
काट्यासम तो नको कुणाच्या कानामध्ये शिरणारा.

चाल जुनीच, वर्गात बाकावर ताल धरून म्हणायची. ओळी माझ्या.

३ जानेवारी, शुक्रवार

तारा तालमीवरून आली ती चप्पल न काढता ओट्यापर्यंत.

"आप्पा, आवाज मेला."

"कोणाचा?"

"गिटारीचा. कामरान समद्यांसमोर म्हणतो, ताराबाई, गिटारला सर्दी झाली का? वाफ द्या. तो किबोर्डवाला विश्वजीत दात काढून राहिला."

मी म्हटलं, कालच तर तू आतल्या खोलीत वाजवलंस, मला छान वाटलं.

"तुम्हाला समदंच छान वाटतं. माझं सासरही छानच वाटत होतं."

मी चहा ठेवला. तिनं घेतला नाही. दोन्ही कप मीच प्यालो, त्यामुळे रात्री पित्त झालं.

४ जानेवारी, शनिवार

आज थोडं शांतपणे दाखवलं तिनं. शांतपणे म्हणजे ओरडली नाही, एवढंच.

सहाही डब्या बंद ठेवून वाजवलं की आवाज गोधडीखालून आल्यासारखा. पहिली डबी दाबली की एकदम उघडतो, खिडकी उघडावी तसा. शेवटची दाबली तर गोधडी तशीच. मधल्या दाबल्या तर अर्धवट. म्हणजे एका गाण्यात तीनदा डबी दाबली तर तीन वेगळ्याच बायका वाजवतात असं वाटतं.

कामराननं मुदत दिली आहे. २६ जानेवारीला हिंगोलीत दुपारचा मोठा कार्यक्रम आहे. वीस तारखेपर्यंत आवाज सुधारला नाही तर गिटारचे तुकडे विश्वजीत किबोर्डवर वाजवील. किबोर्डात म्हणे गिटारचा आवाजही भरलेला असतो. आणि एकदा विश्वजीतनं निभावलं, की गिटारवालीला पुन्हा कशाला बोलावतील?

तारा म्हणाली, "हे गेलं तर मला नांदेडला परत जाऊन कोणाकोणाचं ऐकावं लागंल, ठाऊक हाय ना?"

मी म्हटलं, असं काही होणार नाही, सगळं ठीक होईल.

ती हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

खरं लिहायचं तर गोधडीखालचा तो आवाज मला आवडतो. पहाटे रेडिओ लागायच्या आधी जी उबदार घरघर असायची, तसा आहे. कामरानला कान नाहीत. असते तर लोकांच्या सत्कारात वाजवत फिरला असता का?

७ जानेवारी, मंगळवार

आज बैठक मारून चोर शोधला.

रीत आमच्या गुरुजींची. वर्गात चाळीस पोरं कविता म्हणत आणि कुठूनतरी बेसूर यायचं. गुरुजी एकेकाला खाली बसवत जायचे. ज्याला बसवल्यावर आवाज सुधारला, तो चोर. किती सोपं होतं सगळं. खिडकीबाहेर लिंब, फळ्यावर पिवळ्या खडूनं तारीख.

आधी प्रत्येक डबी एकटी लावली. गिटारीची कंपनीची लांब तार या बाजूनं, दुसरी लांब तार त्या बाजूनं अ‍ॅम्पला. सहाही डब्या एकेकट्या हुशार पोरीसारख्या खणखणीत. मग सगळ्या जोडल्या. पुन्हा गोधडी.

मग एकेक काढत गेलो. डबी काढली की तिच्यासोबत एक जोडतारही निघायची. पहिल्यांदा तिसरी काढली, आवाज जरा सुधारला. म्हटलं, सापडली. ती परत लावून पाचवी काढली, तेवढाच सुधारला. मग दुसरी. मग सहावी. कोणतीही काढा, थोडं बरं वाटतं. सगळ्याच चोर निघाल्या.

मी म्हटलं, एकेकटा माणूस चांगला असतो, गर्दीत बिघडतो, तसंच आहे हे.

तारा म्हणाली, "आप्पा, मला सुविचार नको. तारा तपासा."

"माझ्या?"

"हो, तुमच्या."

मी मीटर आणला. पाचही तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत बराबर, काटा जिथं जायचा तिथं गेला. तिच्यासमोर दाखवलं. म्हटलं, तुझ्या वयापेक्षा माझ्या हातातल्या डाग द्यायच्या कैयेचं वय जास्त आहे.

तिनं पाचवी डबी उचलून गादीवर आपटली. भिंतीवर आपटणार होती, पण किमतीची आहे. मग पलंगावर बसून नुसती बोटं बघत राहिली. उलट-सुलट करून.

८ जानेवारी, बुधवार

आज कोणी कोणाशी बोललं नाही. भाजी खारट होती, तेही बोललो नाही.

११ जानेवारी, शनिवार

चोर सापडला असं वाटलं होतं, आणि तो निघाला शकील.

सहाही डब्यांना वीज देणारा एकच अडाप्टर आहे, एकाला सहा फाटे फुटलेला. तो तारानं शकीलच्या दुकानातून आणला. मला न विचारता. या घरात शकीलचं नाव सव्वीस वर्षं निघालं नाही, आणि त्याच्या दुकानची वस्तू आमच्या आतल्या खोलीत जळत होती.

शकील आणि मी एकाच टेबलावर बसून काम करायचो. मी आवाज बघायचो, तो वायरिंग. भांडण असं झालं की एकदा त्यानं माझ्या हातचा सेट उघडला आणि गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "व्यंकट, लोकांच्या मालात आपली अक्कल घालत जाऊ नको. कंपनीनं बनवला तसा वापस दे." गिऱ्हाइकासमोर! माझी गोडी त्याला खुपायची, दुसरं काय. मी म्हटलं, तुझं टेबल वेगळं कर. त्यानं केलं. चार दुकानं सोडून. आजही मी त्या बाजूनं जात नाही, औषधं आणायला वळसा घालतो.

ताराला म्हटलं, अडाप्टर बदल. तिनं नांदेडहून दुसरा मागवला, आज आला. जी बारीक भुणभुण होती ती गेली. गोधडी मात्र तशीच.

म्हणजे शकीलचा माल थोडा तरी खराब होताच. एवढं मला पुरेसं आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

तारानं तिळगुळाची वडी माझ्या हातावर ठेवली आणि ठेवताना जे म्हणायचं असतं ते म्हणाली नाही. मी वाट बघितली.

"काहून थांबलात? खा ना."

"तू काही म्हटलं नाहीस."

"यंदा न्हाई म्हणणार. वीस वर्षं म्हणले."

तिची आई असती तर दोघांनाही झापलं असतं. मी वडी खाल्ली. गूळ करपला होता. तोंडावर आलं होतं, छान झालीय म्हणावं. सवयीनं म्हटलंच.

"कडू झालीय," तारा म्हणाली. "मी चाखली."

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मी स्वतः तालमीला गेलो. कामरानची तालीम हळदीच्या एका रिकाम्या गोदामात चालते. पोती नाहीत, पण वास भिंतीत मुरलेला. कपडे अजून पिवळे वाटतात.

तारानं सहा डब्या मांडल्या. गाणं सुरू झालं. मधे एक जागा आहे, जिथं बाकी सगळे थांबतात आणि गिटार एकटी वर चढते. तिथं तिनं डबी बंद केली आणि आवाज असा बसला की ढोलकीवाल्यानं मान वळवून बघितलं.

कामराननं हात वर केला.

"बंद करा. ताराबाई, तुमच्या हातात लई जान हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण हे असं येऊन राहिलंय जसं कुणी तोंडात कापूस कोंबून भांडतंय."

विश्वजीत म्हणाला, "वय झालं की बोटं ढिली होतात, ताई. माझ्या आजीचं बी तसंच."

सगळे हसले. तारा हसली नाही आणि चिडलीही नाही. हळूच म्हणाली, "असंल. बोटातच काहीतरी झालंय." आणि तार काढून गुंडाळायला लागली.

मला चीड आली. मी कामरानला म्हटलं, आवाज उत्तम आहे, तुमच्या लोकांना गोंगाटाची सवय आहे. तर तो म्हणतो कसा, "काका, तुमी बसा. तुमी समद्याच गोष्टीला उत्तम म्हणता. माझ्या निकाहाच्या दिवशी लाइट गेली, तवा बी तुमी म्हणले, वा, चांदणं किती छान पडलंय."

पडलंच होतं छान चांदणं.

१९ जानेवारी, रविवार

हे लिहायचं नव्हतं. पण वही ठेवतो कशाला मग?

दुपारी दार वाजलं. तारा पुढं आणि मागं शकील. दाढी पूर्ण पांढरी. हातात माझ्याच पाच तारा आणि एक कटर. मी या म्हटलं नाही. त्यानंही वाट बघितली नाही, उंबऱ्याच्या आत येऊन उभा राहिला. बसला नाही.

"व्यंकट, हे सोल्डरिंग तुझं हाय. आंधळ्याच्या हाताला बी कळंल."

"मग?"

त्यानं एका तारेची पिन उघडली आणि माझ्या वर्तमानपत्रावर टिचकी मारून तो दाणा पाडला. मग दुसरीचा. पाच दाणे झाले.

"अजून टाकून राहिला का रे हे?"

मी म्हटलं, रेडिओत टाकायचो तसंच टाकलं, एवढ्याशानं काय होतं?

"रेडिओत मागून जोर असतो, तिथं खपून जायचं. गिटारला सोताचा जोर सुतभर. एक असता तर कळलं बी नसतं. पाच जण मिळून बसले आन तिचं वरचं समदं खाऊन राहिले. पहिली डबी दाबली की तिच्यातली वीज जोर लावते, म्हणून तवा आवाज उघडतो. मीटरला हे दिसत न्हाई, त्याला फक्त तार तुटली का तेवढं कळतं. तुला हे ठाऊक हाय. तू इसरला असशील, न्हाईतर बघायचंच नसंल."

आणि गेला. पाणीसुद्धा विचारलं नाही मी.

तारा तिथंच उभी.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

"चांगलंच होईल म्हणून टाकलं गं. टोचू नये म्हणून."

"कोणाला टोचू नये?"

मी एक उघडी पिन बंद करायला घेतली.

"पंधरा दिवस मी डब्यांना शिव्या दिल्या. मग सोताला दिल्या. परवा समद्यांसमोर म्हणले, माझ्या बोटातच काहीतरी झालंय. तुम्ही तिथंच खुर्चीत बसून होते, आप्पा." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "नांदेडहून मी फोन करायची, रडायची. तुम्ही फोन ठेवून आत्याला काय सांगायचे? तारा मजेत हाय. आत्यानंच सांगितलं मला. कोणी आलंच न्हाई मग. मजेत असलेल्या माणसाकडं कोण येतं?"

मी म्हटलं, लोकांत बोभाटा नको म्हणून.

तिनं पाच दाणे गोळा केले आणि खिडकीतून बाहेर टाकले. तारा घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून गिटार ऐकू आली. खिळा काचेवर ओढावा तशी. दाताला झिणझिण्या आल्या. मी अंगणात जाऊन बसलो, तिथंही येत होती.

हे काही माझं चुकलं असं मला अजून पूर्ण वाटत नाही. पण खुर्चीचं ती म्हणाली ते खरं आहे. मी तिथं बसलो होतो.

२० जानेवारी, सोमवार

मुदत संपली. तारानं फोनवर कामरानला सांगितलं की तारांचा बिघाड होता, आता निघाला. तो म्हणाला, रोज नवीन कारण सांगता, विश्वजीतला मी शब्द दिला. तिनं माझं नाव घेतलं नाही. मी विचारलं का नाही घेतलं, तर म्हणाली, "सांगून काय करू? बाप माझा हाय."

यात राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही.

२२ जानेवारी, बुधवार

सकाळी बसून तशाच पाच तारा पुन्हा केल्या, दाण्यांसकट. डाग काही मोत्यासारखे आले नाहीत. तारानं साफ केलेल्या पाच तारा तिला न सांगता पिशवीत टाकल्या. ही तेवढी चोरी. आणि गोदामावर गेलो.

सगळे होते. मी उभं राहून सांगितलं: दोष तिच्या बोटांत नव्हता, माझ्या तारांत होता, मी मुद्दाम एक वस्तू टाकली होती, तिला ठाऊक नव्हतं.

कामराननं डोकं हलवलं. "काका, लेकीसाठी बाप काय काय करतो. पण असं आपल्या अंगावर घेऊ नका."

"अरे, खरं सांगतोय."

"तुमी? तुमी कुणाचं वाईट सांगितलंय कधी? तुमचं खरं आन खोटं आमाला सारखंच ऐकू येतं, दोन्ही गोडच." त्यानं हे प्रेमानं म्हटलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, लावून दाखवतो. तारा तिथं नव्हती, गिटार नव्हती. तर किबोर्डाचीच तार माझ्या पाच तारांतून फिरवली. विश्वजीतनं वाजवलं. दाण्यांच्या तारा, साफ तारा, दोन्हींत काडीचा फरक नाही. रेडिओसारखाच किबोर्डालाही स्वतःचा जोर असतो, शकीलनं रविवारी सांगितलेलं माझ्या ध्यानातच आलं नाही. विश्वजीत म्हणाला, "आजोबा, जादू चालली न्हाई." पुन्हा सगळे हसले. त्र्याहत्तर वर्षांत एकदा खरं बोललो आणि ते सिद्ध करता येईना.

मग मीच ताराला फोन केला. म्हटलं, गिटार घेऊन ये.

"तिथं काय करून राहिलात? माझ्यासाठी हात जोडायला गेले का?"

"नाही. खोटा पडलोय. ये."

ती आली, डब्या आणि गिटार घेऊन. माझ्याकडं बघितलं नाही. मी आधी माझ्या तारा लावल्या. तिनं ती एकटीनं चढायची जागा वाजवली. कापूस. मग साफ तारा लावल्या. तीच जागा, तीच बोटं.

ढोलकीवाल्यानं विडी खाली टाकली. कामरान उठून डब्यांपाशी आला. मग म्हणाला, "मग हे पंधरा दिवस आमी बाईला काय काय बोललो." आणि मग माझ्याकडं वळून, आता प्रेम नव्हतं आवाजात: "काका, उद्यापासून इकडं येऊ नका."

२६ तारखेला ताराला दोनच गाणी दिली. बाकीची विश्वजीत. शब्द दिलेला म्हणे. ती हो म्हणाली.

घरी येताना ती दहा पावलं पुढं चालत होती. मी गाठायचा प्रयत्न केला नाही.

२७ जानेवारी, सोमवार

काल हिंगोलीला गेलो. कामराननं येऊ नका म्हटलं होतं ते तालमीला, कार्यक्रमाला नाही, असा मी अर्थ लावला. मागच्या रांगेत बसलो. शाळेच्या पोरांच्या कवायती, भाषणं, मग ऑर्केस्ट्रा. ताराचं पहिलं गाणं ठीक झालं. दुसऱ्यात ती जागा आली. सगळे थांबले आणि गिटार एकटी चढली. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं कानावर पदर घेतला. तिच्या शेजारचा तरुण उभा राहून शिट्ट्या मारायला लागला. मला वाटलं कोणीतरी माझ्या कानात सुई घालून फिरवतंय. उठून जावंसं वाटलं. शेवटपर्यंत बसलो.

संध्याकाळ व्हायच्या आत सामान टेम्पोत भरलं. कामराननं मला बघितलं, पुढं जाऊन बसला. मागं खोक्यांच्या मधे विश्वजीत, ढोलकीवाला, तारा आणि मी. कळमनुरी मागं पडली.

मग ताराच म्हणाली, माझ्याकडं न बघता, "कसं वाजलं?"

छान, हे जिभेच्या टोकावर होतं. त्र्याहत्तर वर्षं ते तिथंच राहतं.

"दुसऱ्या गाण्यात फार टोचलं," मी म्हटलं. "मला आवडलं नाही."

विश्वजीतचं पाण्याच्या बाटलीचं झाकण लावायचं थांबलं. ढोलकीवाला बाहेर बघायला लागला. तारानं आता माझ्याकडं बघितलं. बराच वेळ, डाग बसला की नाही हे बघावं तसं.

"कुठं?"

"एकटीनं चढलीस तिथं. अगदी टोकाला."

ती विचार करत राहिली. बोटं मांडीवर त्या जागेवरून फिरवून बघितली.

"टोकाला जरा जास्तच झालं," म्हणाली. "पण तेवढंच. बाकीचं तसंच ठेवणार हाय मी, तुम्हाला टोचलं तरी."

"ठेव."

"उद्या परत वाजवते. समोर बसा. आन मधे बोलू नका."

आता आत डब्या मांडल्याचा आवाज येतोय. वही मिटतो.